टॉर्नेडो म्हणजे चक्रीवादळ नाही आणि टॉर्नेडोच्या ईएफ दर्जाचा आकडा म्हणजे मोजलेला वेग नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत टॉर्नेडोवर, म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत येणाऱ्या फिरत्या हवेच्या खांबावर, अर्धं पान आलं होतं. मी सकाळी सगळ्यात आधी तेच वाचायला घेतलं कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, हवामानशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही पण गेली बरीच वर्षं टॉर्नेडोबद्दल मिळेल ते वाचतोय, रडारची चित्रं बघायला शिकलोय, नुकसानीचे सर्व्हे रिपोर्ट वाचत बसतो. हा विषय तुम्ही घेतलात याचा खरंच आनंद झाला. पण त्या अर्ध्या पानात काही गोष्टी चुकल्यात आणि त्यातली एक जिवावर बेतणारी आहे म्हणून एवढं लांब पत्र लिहितोय. जागा नसेल तर बाकीचं कापा, पण खिडक्यांबद्दलचं कापू नका प्लीज.

तर आधी तेच. लेखाच्या शेवटी चौकटीत छापलंय की टॉर्नेडो येताना घराच्या खिडक्या उघडून ठेवाव्यात, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो आणि घर फुटत नाही. हा समज फार जुना आहे, अमेरिकेत कित्येक वर्षं लोकांना हेच सांगितलं जायचं, आणि ते चूक निघालं. टॉर्नेडोच्या आत हवेचा दाब खूप कमी असतो हे खरं आहे. 2003 साली साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ टिम समारस या माणसाने वाटेत ठेवलेल्या यंत्रावरून टॉर्नेडो गेला आणि दाब 100 मिलिबारने पडलेला नोंदला गेला, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या साधारण दहावा हिस्सा काही सेकंदांत गायब. पण घर काही हवाबंद डबा नसतं, फटी-झरोक्यांतून हवा येत-जात असते, त्यामुळे घर आतून फुगून फुटतं असं होत नाही. घर मोडतं ते वाऱ्याने. वारा छपरावरून जाताना छप्पर वर ओढतो, आणि त्याच वेळी वाऱ्याकडच्या बाजूची खिडकी किंवा दार फुटलं की वारा आत घुसून तेच छप्पर खालून ढकलतो, छप्पर गेलं की भिंतींना वरून धरून ठेवणारं काही उरत नाही आणि त्या पडतात. म्हणजे खिडकी उघडणं हे वाऱ्याला स्वतः दार उघडून देण्यासारखं आहे, शिवाय त्या दोन मिनिटांत माणूस काचेसमोर उभा असतो जेव्हा त्याने तळघरात किंवा घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत जाऊन डोकं झाकून बसायला हवं. तेव्हा ही चौकट दुरुस्त करून पुन्हा छापा ही कळकळीची विनंती. आणि त्याच चौकटीत पुलाखाली आसरा घ्या असंही आहे, तेही काढा. 1991 मध्ये कॅन्ससच्या हायवेवर काही जण पुलाखाली बसून वाचले, त्याचा व्हिडिओ जगभर गेला आणि लोकांना ते खरं वाटलं, मग 3 मे 1999 ला ओक्लाहोमात लोक तसेच पुलांखाली चढून बसले आणि त्यात तिघांचा जीव गेला. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा जास्तच जोरात घुसतो आणि उडून येणारे पत्रे, लाकडं, गाड्यांचे तुकडे अडवायला तिथे काही नसतं.

आता शब्दाचं. मथळ्यात तुम्ही चक्रीवादळ लिहिलंय, मजकुरात कधी चक्रीवादळ, कधी वावटळ, कधी टॉर्नेडो. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हो. चक्रीवादळ म्हणजे सायक्लोन, समुद्राच्या गरम पाण्यावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, कित्येक दिवस जगतं, आणि सॅटेलाइटवर ते तीन-चार दिवस आधीपासून दिसत असतं म्हणून लोकांना हलवता येतं. टॉर्नेडो एका गडगडाटी ढगातून खाली येतो, बहुतेक वेळा त्याची रुंदी काहीशे मीटरसुद्धा नसते, आयुष्य सरासरी दहा मिनिटांचं, आणि सावध व्हायला वेळ मिळतो तो दहा-पंधरा मिनिटं, कधी तेवढाही नाही. वावटळ तर आणखी वेगळी. कडक उन्हात जमीन तापली की धूळ-पाचोळा घेऊन गरगरत वर जाते ती, तिच्या डोक्यावर ढगच नसतो आणि बहुतेक वेळा ती कुणाला इजा करत नाही. टॉर्नेडोच्या व्याख्येत मात्र दोन्ही टोकं आहेत, वर ढगाला लागलेला आणि खाली जमिनीला टेकलेला असा फिरणाऱ्या हवेचा खांब, त्यातलं एक टोक सुटलं की त्याला टॉर्नेडो म्हणत नाहीत. जुन्या मराठी पुस्तकांत घूर्णवाती वादळ असा शब्द भेटतो, चांगला आहे, पण कोणाच्या तोंडी बसला नाही. टॉर्नेडोच लिहा, सगळ्यांना कळतो. पण चक्रीवादळ लिहू नका, कारण मग वाचणाऱ्याला वाटतं की याचीही दोन दिवस आधी सूचना मिळेल.

लेखात टॉर्नेडो कसा होतो ते एका वाक्यात उरकलंय, "गरम आणि थंड हवा एकमेकांवर आदळली की टॉर्नेडो तयार होतो". शाळेपासून आपण हेच वाचत आलोय आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं, कारण गरम-थंड हवा जगभर रोज कुठे ना कुठे भेटत असते आणि रोज टॉर्नेडो होत नाही. खरी गोष्ट जास्त भारी आहे, जरा सविस्तर सांगतो.

आधी लागतो गडगडाटी ढग, म्हणजे जमिनीलगत गरम दमट हवा आणि वर बरीच थंड हवा. अमेरिकेच्या मधल्या सपाट भागात हे इतकं जमून का येतं तर दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा येते, पश्चिमेकडून डोंगर-पठारावरची कोरडी हवा येते आणि वरून जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, वाहत असतो. मध्ये पुष्कळदा एका गरम कोरड्या हवेच्या थराचं झाकण बसतं, ते दिवसभर खालच्या हवेला वर जाऊ देत नाही, त्यामुळे ऊर्जा साठत राहते आणि संध्याकाळकडे कुठेतरी झाकण फुटलं की तासाभरात ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो. पण नुसता उंच ढग पुरेसा नाही. असे ढग तर बरसतात आणि स्वतःच्याच पावसाने गार पडून अर्ध्या-एक तासात संपतात.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. जमिनीजवळ वारा हळू आणि समजा दक्षिणेकडून, पाच-सहा किलोमीटरवर तोच वारा जोरात आणि पश्चिमेकडून, म्हणजे उंचीप्रमाणे वेगही बदलतो आणि दिशाही बदलते. याला विंड शिअर म्हणतात. दोन तळहातांमध्ये पेन्सिल आडवी धरा आणि वरचा हात पुढे सरकवा, पेन्सिल गोल फिरते ना, तशीच मधली हवा आडवी गुंडाळत फिरायला लागते, डोळ्यांना काही दिसत नाही पण आडवे अदृश्य रूळ फिरत असतात. मग ढगातला वर जाणारा झोत या आडव्या फिरण्याला मध्ये धरून उचलतो, आडवं होतं ते उभं होतं, आणि आता तो अख्खा झोतच गोल फिरत वर जायला लागतो. हा फिरणारा झोत म्हणजे मेसोसायक्लोन, रुंदी तीन ते दहा किलोमीटर, आणि ज्या ढगात तो आहे तो सुपरसेल. पाऊस आणि गारा झोताच्या डोक्यावर न पडता बाजूला पडतात म्हणून झोत गुदमरत नाही आणि सुपरसेल तासन्‌तास जगतो.

इथे बहुतेक लेख थांबतात आणि म्हणतात की मग हे फिरणं खाली उतरतं आणि टॉर्नेडो होतो. पण माझ्या मते विषयाची खरी गंमत इथून पुढे आहे. कारण वर फिरणारा झोत असून सुद्धा बहुतेक सुपरसेलमधून टॉर्नेडो येतच नाही! वर जाणारा झोत आडवं फिरणं उभं करतो खरं, पण करता करता ते वर घेऊन जातो, म्हणजे जमिनीलगत काहीच उरत नाही. जमिनीलगत फिरणारी हवा यायला ढगातून खाली येणाराही एक झोत लागतो. सुपरसेलच्या मागच्या बाजूने पावसाने गार झालेली हवा खाली येते, वळसा घालून वर जाणाऱ्या झोताच्या पायाशी पोचते, आणि तिथल्या गार-गरम हवेच्या सीमेवर तयार झालेलं फिरणं सोबत घेऊन येते. आता ही खाली आलेली हवा फार थंड असेल तर ती जड, जमिनीवर पसरून बसते, वरचा झोत तिला उचलू शकत नाही आणि खेळ तिथेच संपतो. ती फार थंड नसेल तर वरचा झोत तिला ओढतो, ताणतो, आणि ताणली की ती बारीक होते आणि बारीक झाली की वेगाने फिरते. गोल फिरणाऱ्या खुर्चीवर हात पसरून बसा, कोणाला तरी गिरकी द्यायला सांगा आणि मग हात छातीशी घ्या, वेग एकदम वाढतो ते कळेल. किलोमीटरभर रुंदीचं सुस्त फिरणं शंभर मीटरमध्ये आवळलं तर काय होईल याचा अंदाज येतो मग. म्हणजे ज्या दोन ढगांकडे बघून अनुभवी माणसालाही फरक सांगता येणार नाही त्यातला एक गाव उद्ध्वस्त करतो आणि दुसरा नुसत्या गारा टाकून जातो, आणि फरक असतो तो शेवटच्या हजारभर मीटरमधल्या हवेच्या चार-दोन अंश तापमानाचा आणि दमटपणाचा. हे शोधायला 1994-95 मध्ये आणि पुन्हा 2009-10 मध्ये व्होर्टेक्स नावाच्या मोठ्या मोहिमा झाल्या, शास्त्रज्ञ गाड्यांवर रडार लादून ढगांच्या मागे फिरले, खूप काही कळलं, तरी हा ढग टॉर्नेडो देणारच असं अर्धा तास आधी छातीठोकपणे आजही कोणी सांगू शकत नाही. म्हणून तर दिलेल्या टॉर्नेडो वॉर्निंगपैकी निम्म्याहून जास्त वेळा टॉर्नेडो येत नाही आणि लोक चिडतात.

एक अजून, सोंड दिसते तो टॉर्नेडो नाही. सोंड म्हणजे नुसता ढग, आतला दाब कमी झाल्यामुळे हवा गार होऊन तिच्यातलं बाष्प दिसायला लागतं. फिरणारी हवा सोंडेच्या बाहेरही असते, आणि कित्येकदा सोंड अर्ध्यातच लोंबतेय पण खाली जमिनीवर धूळ आणि कचरा गरगरतोय, म्हणजे टॉर्नेडो केव्हाच टेकलेला आहे. सगळे टॉर्नेडो सुपरसेलमधूनच येतात असंही नाही, काही वाढत्या साध्या ढगाखाली जमिनीलगतचं फिरणं ताणलं जाऊन होतात, काही वादळांच्या लांबलचक रांगेत होतात, ते बहुधा कमजोर असतात. मोठे संहारक जवळजवळ सगळे सुपरसेलचे.

आता आकड्याकडे येतो. तुमच्या बातमीत लिहिलंय, "कॅटेगरी 5 च्या या वादळाचा वेग ताशी 322 किमी मोजला गेला". कॅटेगरी ही चक्रीवादळाची, तिथे ती वाऱ्याच्या वेगावरून वादळ चालू असतानाच देतात. टॉर्नेडोला ईएफ (एन्हान्स्ड फुजिता, म्हणजे सुधारित फुजिता) स्केल, शून्य ते पाच, आणि हा आकडा टॉर्नेडो संपल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसं पायी फिरून पडझड बघतात त्यावरून ठरतो. वेग मोजला जात नाही. मोडलेल्या वस्तूंवरून अंदाज केला जातो. मी हे दहा जणांना सांगितलं तर नऊ जणांना आश्चर्य वाटतं, आणि वाटणारच, भूकंप मोजतात तसं हे पण मोजत असतील असं कोणालाही वाटेल.

का मोजत नाहीत तर मोजणार कशाने? टॉर्नेडो नेमका कुठून जाईल ते माहीत नसतं, वेगमापकावरून गेलाच तर वेगमापक उरत नाही. रडार आहे, डॉपलर रडार, म्हणजे वारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय आणि किती वेगाने ते ज्याला कळतं, 1973 मध्ये ओक्लाहोमातल्या युनियन सिटीच्या टॉर्नेडोत त्याने ढगातलं फिरणं टॉर्नेडो टेकायच्या आधीच पकडलं आणि तिथून आजच्या वॉर्निंग सुरू झाल्या असं म्हणता येईल. पण रडारची किरणं सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, शंभर किलोमीटरवर गेलं की ती किरणं जमिनीपासून किलोमीटरभर वरून जातात, म्हणजे रडारला दिसतं ते ढगाचं पोट, घरांच्या उंचीचा वारा नाही. ट्रकवर बसवलेली रडारं जवळ जाऊन मोजतात, त्यांनीच 3 मे 1999 ला ओक्लाहोमात ब्रिज क्रीक ते मूर या टॉर्नेडोत ताशी 480 किमीच्या आसपास वारा नोंदला, तेव्हापर्यंतचा विक्रम. पण अमेरिकेत वर्षाला सरासरी बाराशे टॉर्नेडो होतात, त्यातल्या मोजक्यांजवळच असा ट्रक पोचतो.

म्हणून मग टेत्सुया फुजिता. या माणसाबद्दल तुमच्या लेखात एक ओळ पण नाही, आणि स्केलमधला एफ त्याचाच आहे! जपानमध्ये 1920 मध्ये जन्म, 1945 मध्ये तो कोकुरा भागातल्या कॉलेजात शिकवत होता, 9 ऑगस्टचा अणुबॉम्ब आधी कोकुरावर पडायचा होता पण तिथे शहर नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. नंतर फुजिताने नागासाकी आणि हिरोशिमाला जाऊन पडझड पाहिली, पडलेल्या झाडांच्या दिशांवरून स्फोट कुठे आणि किती उंचीवर झाला ते काढलं. पडलेल्या वस्तू वाचायची ही सवय त्याला पुढे जन्मभर उपयोगी पडली. 1953 मध्ये तो शिकागो विद्यापीठात गेला, 1957 मध्ये फार्गो शहरातल्या टॉर्नेडोचे लोकांनी काढलेले शेकड्याने फोटो गोळा करून त्याने टॉर्नेडोचा मिनिटामिनिटाचा प्रवास मांडला, विमानातून शेतांवर उमटलेल्या गोल-गोल खुणा पाहून सांगितलं की एका मोठ्या टॉर्नेडोच्या पोटात अनेक छोटे भोवरे फिरत असतात, आणि म्हणूनच एक घर जमीनदोस्त होतं आणि शेजारच्या घराची कुंडी सुद्धा हलत नाही. लोक याला नशीब म्हणतात, त्याचं कारण हे आहे.

1971 मध्ये त्याने एफ स्केल काढला, पडझडीवरून वाऱ्याचा अंदाज. एफ5 म्हणजे ताशी 420 ते 512 किमी. 1974 च्या एप्रिलमध्ये एका दिवसात 148 टॉर्नेडो आले तेव्हा फुजिता आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या सगळ्यांचे मार्ग नकाशावर मांडले. पण वेगाचे आकडे हा त्याचाही अंदाजच होता आणि पुढे बांधकामाच्या इंजिनियरांनी दाखवलं की घरं त्याहून बऱ्याच कमी वाऱ्यात पार नाहीशी होतात, शिवाय खिळ्यांनी ठोकलेलं घर आणि बोल्टने पायात आवळलेलं घर यांना एकच माप लावणं बरोबर नाही. मग सुधारित स्केल आला, टेक्सास टेक विद्यापीठात त्याचं काम झालं आणि 1 फेब्रुवारी 2007 पासून अमेरिकेत ईएफ स्केल लागू झाला. त्यात 28 प्रकारच्या वस्तू ठरवल्यात, साधं घर, मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणून ठेवलेलं हलकं घर), शाळा, मॉल, विजेचा खांब, टॉवर, शेवटच्या दोन तर झाडांच्या आहेत. प्रत्येक वस्तूसाठी नुकसानीच्या पायऱ्या, छपराची कौलं उडाली इथपासून पाया सोडून सगळं साफ झालं इथपर्यंत, आणि प्रत्येक पायरीला वेगाचे तीन आकडे, अपेक्षित, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. सर्व्हे करणारा बोल्ट होते का, नट लावलेले होते का, खिळे नुसते सरळ ठोकलेत का, हे गुडघ्यावर बसून बघतो आणि त्या पट्ट्यात कुठे बसवायचं ते ठरवतो. ईएफ0 ताशी 105 ते 137 किमी, ईएफ1 177 पर्यंत, ईएफ2 217, ईएफ3 266, ईएफ4 322 पर्यंत, आणि त्याच्या वर सगळं ईएफ5. हे तीन सेकंदांच्या झोताचे वेग आहेत. म्हणजे तुमच्या बातमीतला 322 हा कुठल्याही यंत्राने मोजलेला आकडा नव्हे, ती ईएफ4 आणि ईएफ5 मधली रेघ आहे!

आणि या पायऱ्यांकडे बघून वाटतं की चार आणि पाच मध्ये एकाचाच फरक, दोन आणि तीन मध्ये पण एकाचाच. पण तसं नाही, वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग तिप्पट तर दाब नऊपट, म्हणजे ईएफ0 च्या तळापासून ईएफ5 च्या तोंडापर्यंत भिंतीवरचा मार नऊपट होतो. अमेरिकेतले बहुसंख्य टॉर्नेडो ईएफ0 आणि ईएफ1 मध्येच संपतात, चार-पाचवाले शंभरात एक सुद्धा नाहीत, पण बळींतला फार मोठा वाटा त्यांचा असतो.

या पद्धतीची अडचण कुठे होते त्याचं उदाहरण देतो. 31 मे 2013, एल रेनो, ओक्लाहोमा. टॉर्नेडोची रुंदी 4.2 किमी, आजवर नोंदलेला सगळ्यात रुंद. ट्रकवरच्या रडारनी आतल्या छोट्या भोवऱ्यांमध्ये ताशी 470 किमीच्या वरचा वारा नोंदला. आधी त्याला ईएफ5 दिलं आणि मग उतरवून ईएफ3 केलं, कारण तो बहुतेक मोकळ्या शेतांवरून गेला आणि जे मोडलं त्यावरून ईएफ3 च्या वर जाता येत नव्हतं. ज्या टिम समारसच्या यंत्राचं वर सांगितलं, तो, त्याचा मुलगा आणि सहकारी तिघंही याच टॉर्नेडोत मारले गेले. अत्यंत काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता. ईएफ3 हा आकडा वाचून कोणाला वाटेल की मध्यम टॉर्नेडो होता. ट्रकवरच्या रडारवाल्यांनी आपल्या नोंदी ताडून 2021 मध्ये दाखवलं की सर्व्हेतला आकडा खऱ्या वाऱ्यापेक्षा सरासरी एक-दीड पायरी कमी निघतो, विशेषतः मोकळ्या रानात.

उलट बाजू पण आहे. चांगलं बांधलेलं साधं घर पायासकट साफ झालं तरी स्केलमध्ये त्याचा अपेक्षित वेग येतो ताशी 322, म्हणजे ईएफ4 चं वरचं टोक, ईएफ5 द्यायचं तर घर नेहमीपेक्षा जास्त मजबूत होतं हे सिद्ध व्हावं लागतं. त्यामुळे 20 मे 2013 च्या मूर टॉर्नेडोनंतर बारा वर्षं एकाही टॉर्नेडोला ईएफ5 मिळालं नाही आणि लोक विचारायला लागले की मोठे टॉर्नेडो बंद झाले की स्केल कडक झाला. शेवटी नॉर्थ डकोटातल्या एन्डरलिनजवळ 20 जून 2025 चा टॉर्नेडो ईएफ5 ठरला, तो सुद्धा घरावरून नाही, त्याने मालगाडीचे भरलेले डबे रुळावरून पाडले होते आणि एक रिकामा टँकर शंभर मीटरपेक्षा लांब फेकला होता, तेवढं करायला किती वारा लागेल याचं गणित इंजिनियरांनी बसवलं आणि टॉर्नेडो झाल्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी निकाल आला. याच राज्यात, याच 20 जूनला, 1957 मध्ये फार्गोचा टॉर्नेडो झाला होता ज्याच्यावर फुजिताने ते फोटोंचं काम केलं, आणि एन्डरलिन तिथून फार लांब नाही. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता.

आणि आकडा मोठा म्हणजे बळी जास्त असंही समजू नका. मे 2011 मध्ये मिसुरीतल्या जॉपलिन शहरात दीडशेहून जास्त माणसं गेली, तो ईएफ5 होता आणि भर वस्तीतून गेला. तर जगातला सर्वात जास्त बळी घेणारा टॉर्नेडो अमेरिकेतला नाहीच, तो 26 एप्रिल 1989 चा बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यातला, दौलतपूर आणि साटुरियाचा, अंदाजे तेराशे माणसं. दाट वस्ती, कच्ची घरं, आणि वॉर्निंग नाही. तुमच्या लेखात "टॉर्नेडो हा अमेरिकेचा प्रश्न" असं वाक्य आहे, ते या तेराशे जणांना डावलून लिहिल्यासारखं वाटतं, मुद्दाम नसेल पण वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बातमीत अंदाज असेल तर अंदाज लिहा. पहिल्या दिवशी आलेला आकडा बहुतेक वेळा प्राथमिक असतो, सर्व्हे पूर्ण झाल्यावर तो चढतो किंवा उतरतो, एल रेनोचा उतरला, एन्डरलिनचा आधी ईएफ3 होता तो चढला. तुमच्या बातमीतलं वाक्य असं छापता आलं असतं: "पडझडीच्या प्राथमिक पाहणीवरून या टॉर्नेडोला अमुक ईएफ दर्जा देण्यात आला असून वाऱ्याचा वेग ताशी अमुक किमी असावा असा अंदाज आहे, पाहणी पूर्ण झाल्यावर दर्जा बदलू शकतो." दोन ओळी जास्त लागतील. आणि खिडक्यांची व पुलाची दुरुस्ती ज्या पुरवणीत ती चौकट आली त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी, आतल्या पानावरच्या बारीक टायपात नको, कारण ज्यांनी ती चौकट कापून ठेवली असेल ते तिथेच बघणार.

कळावे,
आपला एक नियमित वाचक